घर आपलंच समजा

१

आमचे हे रिटायर झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं डायनिंग टेबल बळकावलं. त्यावर पाकिटं आली, पोस्टाची तिकिटं आली, बेसबॉलच्या जुन्या कार्डांचे डबे आले, आणि ताटं मांडायला खिडकीकडची वीतभर जागा उरली.

"अहो, अख्खं बेसमेंट रिकामं पडलंय खाली," मी म्हटलं.

"खाली उजेड नाही गं सुवर्णा. अक्षर बिघडतं."

जन्मभर कीबोर्ड बडवलेला माणूस, आणि आता अक्षराची काळजी! पण मी फार ताणलं नाही. माणूस कशात तरी रमलेला बरा. नाहीतर दिवसभर माझ्या मागे मागे फिरून फ्रिजमधल्या डब्यांवरच्या तारखा वाचत बसला असता.

छंद असा होता. रिटायर झालेल्या एखाद्या बेसबॉल खेळाडूला पत्र लिहायचं. सोबत त्याचं कार्ड घालायचं. पत्त्यातल्या पानाएवढं असतं, पुढे फोटो, मागे त्याच्या खेळाचे आकडे. आणि आत एक परतीचं पाकीट ठेवायचं, त्यावर आपलंच नाव, आपलाच पत्ता, आपणच लावलेलं तिकीट. म्हाताऱ्याच्या मनात आलं तर तो कार्डावर सही करतो आणि त्याच पाकिटातून परत पाठवतो. म्हणजे बघा, येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर अक्षर आपल्याच माणसाचं. पहिल्यांदा मला वाटलं, हे स्वतःच स्वतःला पत्रं टाकताहेत.

"आणि एवढ्या लांबच्या लोकांना लिहिता तरी काय हो?" मी एकदा विचारलं आणि कागद ओढून घेतला.

पत्र इंग्रजीत होतं, पण आतला माणूस शंभर टक्के पुण्याचा. नव्वदच्या दशकात इथे एकटा आलो, मोटेलच्या खोलीत टीव्हीवर तुमचा खेळ बघून दिवस काढले, तुमचे उपकार आहेत, वगैरे वगैरे. आणि शेवटी, कधी मिनेसोटाला आलात तर आमच्याकडे जेवायला या. "प्लीज ट्रीट धिस हाउस अ‍ॅज युवर्स ओन्ली."

"हे काय 'युवर्स ओन्ली'?"

"घर आपलंच समजा. त्या 'च'ला काय लिहिणार दुसरं?"

"अहो, इथल्या लोकांना असं लिहू नका. खरंच येतील."

"येऊ देत की! तू पोहे कर. दारात उभी राहून 'याऽऽ, याऽऽ' कर."

ही माझी थट्टा. आमच्या नागपूरकडच्या हेलात मी पाहुण्यांना दारात 'याऽऽ, याऽऽ, घर आपलंच समजा' म्हणते, आणि तीस वर्षं हे माझी नक्कल करतात. मी कागद परत दिला.

आता घराबद्दल सांगते, कारण सगळं त्यावरच आहे. माझे वडील रेल्वेत, म्हणून लहानपण क्वार्टर्समध्ये गेलं. लग्नानंतर पुण्यात भाड्याच्या दोन खोल्या. मग अमेरिकेत या अपार्टमेंटमधून त्या अपार्टमेंटमध्ये. भिंतीला खिळा मारायचा तर मालकाला विचारा! मिनेसोटातल्या ईडन प्रेरीचं हे घर आम्ही घेतलं त्या दिवशी, सामानाचा ट्रक यायच्याही आधी, मी हातोडी घेऊन आत गेले आणि दारासमोरच्या भिंतीत एक खिळा ठोकला. टांगायचं काही नव्हतं. नुसता ठोकला. त्यावर मी कधीच काही लावलं नाही, कॅलेंडरसुद्धा नाही. येता-जाता तो दिसला की मला बरं वाटायचं.

२

मार्चमध्ये, अंगणात अजून बर्फाचे काळपट ढीग होते तेव्हा, हॉलिस वेंडेलचं उत्तर आलं.

हा वेंडेल कुणी फार मोठा खेळाडू नव्हता. कॅचर होता, एवढंच मला कळलं. कॅचर म्हणजे काय, तेही ह्यांनी मला पुन्हा एकदा समजावलं. "बेसबॉलमध्ये सगळ्यांची धडपड घरी पोचायची असते गं. मैदानात बसवलेल्या त्या पांढऱ्या पाटाला म्हणतातच होम. आणि कॅचर त्या घराच्या दारात उकिडवा बसून राहतो. घर राखतो. आलेल्याला आत येऊ देत नाही."

कार्डावर तोच होता. उकिडवा बसलेला, गुडघे दोन बाजूंना फाकलेले, तोंडावर लोखंडी जाळी. चेहरा म्हणून काही दिसत नव्हताच. एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत निळ्या शाईत सही. मी कार्ड उलटलं. मागे, आकड्यांच्या वर, त्याच शाईत लिहिलं होतं, 'थँक यू फॉर द हाउस.'

"हे काय? घराबद्दल थँक यू?"

"अगं, जेवायला बोलावलं म्हणून."

"मग बोलावल्याबद्दल म्हणेल. घराबद्दल कशाला म्हणेल?"

"तुला ना, ज्याचा त्याचा संशय! म्हातारा माणूस आहे. बाकीचे नुसती सही करतात, यानं चार शब्द लिहिले तर तेही तुला खुपतात."

संशयी तर मी आहेच, नाही कशाला म्हणू? दुकानदार जरा जास्त हसला की मी बिल दोनदा तपासते. पण त्या चार शब्दांत मला काहीतरी खटकलं. पाहुणा असा बोलत नाही. एखादी वस्तू हातात पडली की माणूस असा बोलतो. ह्यांनी मात्र ते कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून दारासमोरच्या टेबलावर, माझ्या खिळ्याच्या खाली, उभं करून ठेवलं.

३

पुढच्या आठवड्यात मी दुपारी वरणाला फोडणी देत होते आणि बेल वाजली. दार उघडलं तर हे! फिरायला गेले होते, परत आले होते. किल्ली गळ्यात नाडीला लोंबत होती.

"बेल काय वाजवता? किल्ली आहे ना?"

"हो... आहे की," ते म्हणाले आणि पायपुसण्यावर पाय पुसत राहिले. मी बाजूला झाले तेव्हाच आत आले.

मी स्वयंपाकघरात परत गेले. थोड्या वेळाने बाहेर डोकावले तर हे सोफ्याच्या अगदी कडेला, हात मांडीवर ठेवून, ताठ बसलेले. माझ्याकडे बघून हसले. तसं हसणं मी ओळखते. लग्न जमवताना आमच्याकडे मला बघायला आले होते तेव्हा असेच हसले होते.

"थोडं पाणी मिळेल का?"

"नाटकं पुरे हं," मी म्हटलं. पण पाणी दिलं. ते त्यांनी बसूनच संपवलं आणि पेला कुठे ठेवावा हे न कळून हातातच धरून राहिले.

जेवताना दुसरी पोळी वाढायला गेले तर ताटावर आडवा हात. "नको नको, खूप झालं." एरवी चार पोळ्या रिचवणारा माणूस! मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "छान ठेवलंय घर."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "कोणी ठेवलंय? मीच ना? आणि तुमचं नाही का ते?"

ते गोंधळले. खरंच गोंधळले. एखादा अवघड प्रश्न ऐकल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले, आणि मग हळूच म्हणाले, "तसं नाही गं... असं कसं म्हणायचं आपण?"

भांडी घासताना मी स्वतःची समजूत घातली. रिटायरमेंट. दुसरं काय? ऑफिस गेलं, खुर्ची गेली, आता घरात आपली जागा कुठली हे त्यांना कळत नसेल. मी त्या दिवशी टेबलाचा पसारा पाहून चार शब्द बोललेही होते. तेच लागलं असेल मनाला. एवढं सगळं पटवून घेतलं आणि तरीही तो पेला मी दोनदा विसळला.

४

मग वेंडेलच्या नावाने पोस्ट यायला लागली.

आधी कानात घालायच्या यंत्राची जाहिरात आली. हॉलिस वेंडेल, आणि खाली आमच्या घराचा नंबर, आमचा रस्ता, ईडन प्रेरी. मी ती फाडून टाकली. मग पाकिटं. जाड, आतून कडक लागणारी पाकिटं. ओहायोहून, टेक्ससच्या शुगर लँडहून, न्यू जर्सीहून. आत काय असणार हे मला न उघडता कळत होतं. कार्ड, पत्र, परतीचं पाकीट. लोक हॉलिस वेंडेलकडे सही मागत होते. आमच्या पत्त्यावर.

मी पोस्टाच्या बाईला गाठलं. चांगली ओळखीची, दिवाळीला माझ्याकडून चकल्या नेणारी. म्हटलं, हे सगळं चुकून येतंय, परत ने. तर ती म्हणाली, "पण त्यांनीच सांगितलं ना मला, दोन्ही नावांची पोस्ट इथेच टाक म्हणून."

"त्यांनी म्हणजे? माझ्या नवऱ्याने?"

"नाही नाही. मिस्टर टिपणीसना मी ओळखते. ते दुसरे. मोठे आहेत ते. दारात बसले होते."

"बसले होते? कशावर?"

तिने जरा विचार केला. "कशावर असं नाही," ती म्हणाली आणि गाडी पुढे नेली.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "दुसऱ्याची पोस्ट आहे, आपण हात लावू नये," आणि सगळी पाकिटं नीट रचून त्या टेबलावर, कार्डापाशी ठेवून दिली. सकाळी टेबल रिकामं. बाहेर बघते तर आमच्या पोस्टाच्या पेटीचा लाल झेंडा वर केलेला. न्यायची पोस्ट आत असली की तो वर करतात. मी चपला न घालता धावले. आत परतीची पाकिटं, बंद केलेली, ज्याच्या त्याच्या पत्त्यावर जायला तयार. एक मी फाडलं. कार्डावर निळी सही. एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत.

हेच करताहेत, मला वाटलं. दुसरं कोण? लोकांना फसवताहेत, की मला खेळवताहेत? संताप संताप झाला. घरात येऊन मी त्यांचे दोन्ही हात धरून बोटं तपासली. शाईचा ठिपका नाही. ते बिचारे हात पुढे करून उभे राहिले आणि म्हणाले, "काही चुकलं का आमचं?"

आमचं. हे मला कधीच असं बोलत नाहीत.

५

माझ्या सासूबाई शेवटची काही वर्षं मला ओळखत नव्हत्या. म्हणून मी फार वाट पाहिली नाही, ह्यांना डॉक्टरकडे नेलं. खरं सांगते, त्या दिवशी मी मनातल्या मनात देवाला म्हणत होते, तेच असू दे. निदान त्याला नाव तरी आहे.

डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं, ह्यांनी सुरेख काढलं. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, हे डॉक्टरांच्या आधी पोचले. वार, तारीख, गव्हर्नरचं नाव, सगळं बरोबर. मग पत्ता विचारला. ह्यांनी घराचा नंबर सांगितला, रस्ता सांगितला, झिप कोडसुद्धा सांगितला, आणि वर म्हणाले, "वी आर स्टेइंग देअर."

डॉक्टरांनी मान डोलावून लिहून घेतलं. त्यात त्यांना खटकण्यासारखं काय होतं? इथे सगळे तसंच म्हणतात. मी मात्र खुर्चीत गार पडले. कारण मराठीत त्याचा अर्थ काय होतो ते मला ऐकू आलं होतं. सध्या तिथे उतरलोय.

गाडीतूनच मी अनिकाला फोन लावला. आमची मुलगी, शिकागोला असते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, ही'ज रिटायर्ड. ही'ज बोअर्ड. यू आर स्ट्रेसिंग हिम आउट."

"तू बाबांनी लिहिलेलं पत्र तरी बघ एकदा."

घरी आल्यावर मी पत्राचा फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. हसत होती. "ओ माय गॉड, 'ट्रीट धिस हाउस अ‍ॅज युवर्स ओन्ली'! आई, दॅट डझन्ट मीन घर आपलंच. दॅट मीन्स ओन्ली युवर्स. लाइक, नॉट अवर्स. बाबांनी त्याला घर देऊन टाकलं, यार!"

ती हसत राहिली. मी फोन कानाला लावून दारासमोरच्या भिंतीपाशी उभी होते. खालच्या टेबलावर कार्ड होतं, वर खिळा. आणि खिळा वाकला होता. जरासाच, खाली. काहीतरी जड त्यावर टांगलं असावं तसा.

६

आवाज बेसमेंटमधून यायचा, तोही भर दिवसा. पच्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा पच्. ओल्या कणकेवर मूठ मारावी तसा. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "चेंडू हातमोज्यात बसला की असाच आवाज येतो," आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं.

एका सकाळी मी हिय्या करून खाली गेले. सगळे दिवे लावले. कोणी नव्हतं. अनिकाची जुनी सायकल, सुटकेसेस, दिवाळीच्या माळांचा खोका. फक्त जिन्याच्या पायथ्याशी, कार्पेटमध्ये, दोन खड्डे दाबले गेले होते. रुंद, नुसत्या चवड्यांचे. टाच कुठेच टेकलेली नव्हती. जिन्याकडे तोंड करून, वरून येणाऱ्याची वाट बघत, तिथे कोणीतरी फार वेळ उकिडवं बसलं होतं.

मी वर आले. कोणी नाही, मी स्वतःला बजावलं. फ्रीजर हलवला होता तेव्हाच्या खुणा असतील. मोठ्याने म्हटलं, "फ्रीजरच्या खुणा!" आणि आमटी ढवळायला पळी घ्यायला गेले.

पळी त्या ड्रॉवरमध्ये नव्हती. पुढचा उघडला, त्यात फडकी. तिसऱ्यात चमचे. मी चौथा उघडला, हळूच, आवाज न करता, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी हे कसं करतेय. आपण दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात करतो तसं. संकोचून, कोणी बघत नाही ना याचा अंदाज घेत. पळी शेगडीशेजारच्या हुकावर होती. अठरा वर्षं तिथेच असते. मला माझीच पळी सापडेना! आणि सगळ्यात वाईट म्हणजे ड्रॉवर बंद करताना माझ्या तोंडून निघालं, "सॉरी हं."

तिथेच फरशीवर बसून मी रडले. मग डोळे पुसले आणि ह्यांना टेबलापाशी बसवलं.

"लिहा. मी सांगते तसं. इथे आम्ही राहतो. हे घर आमचं आहे. ओन्ली अवर्स."

"अगं, कसं दिसेल ते? त्यांना काय वाटेल?"

"त्यांना काय वाटायचं ते वाटू दे! मला माझं घर हवंय. आणि मला माझा नवरा हवाय, सोफ्याच्या मध्यभागी पाय पसरून बसणारा. लिहा."

त्यांनी लिहिलं. सवयीने परतीचं पाकीटही तयार केलं. मी ते बघितलं तर वर लिहिलेलं, रवींद्र टिपणीस, केअर ऑफ एच. वेंडेल. मी फाडलं. दुसरं लिहायला लावलं, शेजारी उभं राहून. आणि स्वतः गाडी काढून वेंडेलच्या आयोवातल्या पत्त्यावर पोस्ट करून आले.

दोनच दिवसांत उत्तर आलं. आमचं पाकीट, ह्यांचं अक्षर, ह्यांनी लावलेलं तिकीट. तिकिटावर शिक्का नव्हता. ते कुठे गेलंच नव्हतं आणि कुठून आलंही नव्हतं. आतल्या कार्डावर कोणाचा फोटो नाही, नुसती निळी अक्षरं.

'नो ट्रबल अ‍ॅट ऑल. स्टे अ‍ॅज लाँग अ‍ॅज यू लाइक.'

हवे तितके दिवस राहा. आम्हाला मुळीच त्रास नाही. ह्यांनी ते वाचलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"केवढा मोठा माणूस आहे बघ," ते म्हणाले.

७

अनिका म्हणाली, थोडे दिवस माझ्याकडे या. मी नाही म्हटलं. घर सोडून निघालो तर संपलंच, एवढं मला कळत होतं. दोघांपैकी एकजण कायम घरात, असा मी नियमच केला. बँकेत मी, फिरायला हे, दुकानात मी. आठवडे गेले. बर्फ वितळलं, लॉन हिरवं झालं. मी रोज सकाळी एकेका खोलीत जाऊन भिंतीला हात लावायचे आणि मोठ्याने म्हणायचे, ही माझी. ऐकणाऱ्याने ऐकावं म्हणून.

त्या शनिवारी नियम कसा मोडला ते मला आजही नीट सांगता येत नाही. भाजी संपली होती. हे म्हणाले, मीही येतो, आणि मला ते अगदी साधं वाटलं. इंडियन ग्रोसरीत गेलो, भेंडी घेतली, मेथी घेतली, ओळखीचे लोक भेटले. हे सगळ्यांशी मोकळेपणाने बोलले, पूर्वीसारखे, मोठ्याने हसले. माझ्या जिवात जीव आला. वाटलं, घराबाहेर आले की हा माणूस बरा असतो. मग वाटलं, म्हणजे घरात याचं काय होतं? आणि मी घाईने त्यांना गाडीत बसवलं.

घर आलं. ऊन होतं. शेजारचा माणूस लॉन कापत होता, त्याने हात केला. मी पायऱ्या चढले, दारापाशी उभी राहिले. दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या काचा आहेत. मी स्वतः निवडलेल्या. आतून फोडणीचा वास येत होता. मोहरी, हिंग, कढीपत्ता, कांदा. कोणीतरी पोहे करत होतं.

खाली बघितलं तर मी चपला बाहेरच काढल्या होत्या. ह्यांनीही बूट काढून जोडीने लावले होते. भाजीच्या पिशव्या गाडीतच राहिल्या होत्या. माझ्या हातात एकच गोष्ट होती, पेढ्यांचा बॉक्स. तो मी कधी घेतला? कोणासाठी घेतला? आणि त्याच क्षणी मला उत्तर माहीत होतं. कुणाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं?

किल्ली पर्समध्ये आहे, मी स्वतःला सांगितलं. सुवर्णा, किल्ली काढ. माझा हात वर गेला आणि बेलवर पडला.

मी काचेतून आत पाहिलं. उन्हातून सावलीत बघताना आधी काही दिसत नाही. मग भिंत दिसली. माझ्या खिळ्यावर काहीतरी टांगलेलं होतं. लोखंडी जाळी, चामड्याचे पट्टे, जुनी. जाळी खिळ्यावर होती, म्हणजे आता ती तोंडावर नव्हती. मी नजर खाली नेली, पण पुरती नाही. दोन गुडघे दिसले, फाकलेले, दाराच्या अगदी आतल्या बाजूला, काचेला टेकलेले. एवढे मोठे गुडघे. त्यांच्या मधून एक पंजा पुढे आला होता, उघडा, काहीतरी झेलायला असावा तसा. त्याच्या वर काय होतं ते मी बघितलं नाही. बघितलं नाही म्हणूनच हे सांगू शकतेय.

"अहो," मी कुजबुजले, "चला. गाडीत बसा."

"अगं, बेल वाजवल्यावर असं जायचं?" हे म्हणाले. "बरं दिसतं का ते?" त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

आत गुडघे उलगडल्याचा आवाज झाला. तो उभा राहत होता आणि उभं राहणं संपतच नव्हतं. मग कडी सरकली, दार थोडंसं उघडलं, आणि पोह्यांचा वास अंगावर आला. आवाज आला तो कुण्या म्हाताऱ्या अमेरिकन माणसाचा नव्हता. तो आमच्या नागपूरकडच्या हेलात, माझ्यासारखाच, 'या' लांबवून बोलला.

"याऽऽ, याऽऽ. घर आपलंच समजा."

ओरडायचं होतं मला. सांगायचं होतं की हे माझं आहे, तो खिळा माझा आहे, तू बाहेर हो. मी तोंड उघडलं. हे शेजारी हसत उभे होते, मला बघायला आले होते तेव्हासारखे. मी पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. उघड्या पंजाने तो अलगद झेलला.

"फार वेळ नाही हं बसणार आम्ही," मी म्हटलं.